खुबा दुखतोय? घरी काय करायचं, कसं करायचं आणि कुठे थांबायचं

खुबा दुखायला लागला की आपल्याकडे आधी तेल येतं, मग गरम पाण्याची पिशवी, आणि मग घरातल्या मोठ्यांचा आदेश: "पडून राहा." त्यानं त्या रात्रीपुरतं बरं वाटतं. पण ज्या बसण्या-उठण्यामुळे दुखणं सुरू झालं ते तसंच चालू राहतं, पडून राहिल्यानं खुब्याभोवतीचे स्नायू आणखी ढिले पडतात, आणि महिनाभरानं तीच कळ जिना चढताना पुन्हा पकडते. नाशिकमध्ये फिजिओथेरपीचं काम करताना हे मी रोज पाहते. म्हणून इथे एक क्रम देते आहे. दुखणं नेमकं कुठून येतंय ते ओळखायचं, त्याला डिवचणाऱ्या सवयी थांबवायच्या, आणि मग थोडाथोडा भार देत स्नायू बळकट करायचे. बहुतेक साधी दुखणी एवढ्यावर घरीच उतरतात. क्रम मात्र मोडू नका. डिवचणं चालू ठेवून व्यायाम केला तर दुखणं वाढतं आणि बोल व्यायामाला लागतो.

घरी थांबायचं नाही अशी दुखणी

साठीपुढचं माणूस न्हाणीघरात घसरलं, नंतर पायावर उभंच राहता येत नाही, पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो, तर खुब्याचं हाड मोडलेलं असण्याची दाट शक्यता असते. तिथे चोळायचं नाही, ओढायचं नाही, हाड बसवून देणाऱ्याकडे न्यायचं नाही. सरळ ॲम्ब्युलन्स. काही वेळा हाड मोडूनही माणूस दोन पावलं चालतं, त्यामुळे पडल्यानंतर जांघेत सतत दुखत असेल तर एक्स-रे काढाच.

खुबा दुखतोय आणि सोबत ताप आहे. रोज संध्याकाळी कणकण येते, भूक गेली आहे, वजन उतरतंय. रात्री कुठल्याही कुशीवर न थांबणारा ठणका आहे. कर्करोगाचा जुना आजार आहे. अशा वेळी आधी डॉक्टर. हाडाचा क्षय आपल्याकडे आजही सापडतो, आणि लवकर कळला तर औषधानं बरा होतो. कंबरेतून पायात कळ जातेय आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय, किंवा बसण्याच्या जागी आणि मांड्यांच्या मधे बधिरपणा आलाय, तर त्याच दिवशी, अगदी रात्र असली तरी, सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. लहान मूल लंगडत असेल तर या लेखातलं काहीही त्याच्यावर करू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

एक बोट ठेवून जागा दाखवा

"कंबर गेली ताई," असं म्हणणाऱ्या माणसाला मी आधी सांगते, एकाच बोटानं जागा दाखवा. त्या बोटावर पुढचं सगळं ठरतं.

बोट जांघेत गेलं, म्हणजे पोट आणि मांडी मिळतात तिथे, तर दुखणं बहुधा खुद्द सांध्यातलं असतं. सकाळी उठल्यावर काही मिनिटं सांधा आखडलेला असतो. पायात मोजा चढवताना, पायाची नखं काढताना, सलवारीत पाय घालताना त्रास होतो. माणूस भिंतीला टेकून, पाय उचलण्याऐवजी कपडाच खाली नेऊन घालायला शिकतं. पन्नाशीनंतर हे सहसा सांध्याच्या झिजेचं लक्षण. तिशी-चाळिशीतल्या माणसाच्या जांघेत असं दुखत असेल, आणि त्यानं स्टेरॉइड घेतलेलं असेल किंवा दारू बरीच असेल, तर मात्र थांबू नका. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेत ते दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. सांधेदुखीवर म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे, तेव्हा "मी कधी घेतलंच नाही" असं म्हणण्याआधी त्या पुड्या आठवून पाहा.

बोट मांडीच्या बाहेरच्या बाजूला, हाताला टणक लागणाऱ्या हाडावर गेलं, तर तिथल्या स्नायूंचे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट पट्टे, दुखावलेले असतात. हे दुखणं चाळिशी ते साठीच्या बायकांमध्ये फार दिसतं. त्या कुशीवर झोपलं की जाग येते, एका पायावर उभं राहून साडी-चप्पल सावरताना कळ येते, जिना चढताना बाजू भरून येते. गोळ्यांनी तात्पुरतं दबतं, पण खरा उतार सवयी बदलून आणि व्यायामानंच पडतो.

बोट मागे, नितंबात गेलं आणि कळ मांडीमागून खाली पोटरीपर्यंत उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर उगम बहुतेक वेळा कंबरेच्या मणक्यात असतो, क्वचित नितंबातल्या खोल स्नायूत. खोकताना, शिंकताना कळ वाढत असेल तर मणक्याचाच संशय धरा.

दोन जागा एकदम दुखू शकतात. जास्त दुखणारी आधी धरा.

पहिले दोन आठवडे: डिवचणं बंद

खुब्याच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं असलेल्यांनी हा भाग व्यायामापेक्षाही मनापासून करावा. मांडी आतल्या बाजूला ओढली गेली की तो कंडरा हाडावर दाबला जातो. आपल्या दिवसभरातल्या कितीतरी सवयी नेमकं तेच करतात. पायावर पाय टाकून बसणं. बसची वाट पाहताना एका पायावर सगळा भार टाकून, कंबर एका बाजूला काढून उभं राहणं. मूल कायम त्याच कडेवर घेणं. कुशीवर झोपल्यावर वरचा पाय पुढे लोंबू देणं. दोन्ही पायांवर सारखा भार ठेवा, मूल घेताना बाजू बदला, आणि झोपताना दोन गुडघ्यांच्या मधे जाड उशी ठेवा. उशी घोट्यापर्यंत पोहोचली पाहिजे, नुसती गुडघ्यात धरलेली छोटी उशी पहाटेपर्यंत पलंगाखाली गेलेली असते. दुखऱ्या कुशीवर झोपूच नका. दुसऱ्या कुशीवर उशी घेऊन, नाहीतर उताणं. गादी कडक असेल तर वर एक गोधडी दुमडून घाला.

जांघेत दुखणाऱ्यांची अडचण वेगळी: त्यांना खोल वाकणं सोसत नाही. खाली पाटावर बसून जेवणं, उकिडवं बसून भांडी घासणं, बुटक्या सोफ्यातून उठणं काही दिवस टाळा. खुर्ची अशी हवी की बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा थोडा वर राहील. घरात नसेल तर आहे त्या खुर्चीवर घट्ट उशी किंवा दुमडलेली सतरंजी ठेवा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची सर्जिकल दुकानात मिळते. ती घ्यायला म्हातारी माणसं लाजतात, पण पहिल्याच दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर फरक दिसतो.

नितंबात दुखणाऱ्यांनी मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट आजच काढावं. अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग बसू नये. स्कूटरवरून गंगापूर रोड ते नाशिक रोड रोज जायचं असेल तर मधे एकदा उतरून दोन मिनिटं चालावं.

चालणं बंद करू नका. अंतर तोडा. सलग अर्धा तास झेपत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा चाला, सपाटीवर. चढउतार आणि बाजूला कललेला रस्ता बाहेरच्या बाजूचं दुखणं वाढवतो, म्हणून गोदापार्कसारखी सपाट वाट बरी. लंगडत चालत असाल तर काठी घ्या, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. उजवा खुबा दुखतोय तर काठी डाव्या हातात. बहुतेक लोक उलटं करतात. चालताना एका पायावर भार येतो त्या क्षणी खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीनपट जोर पडतो. विरुद्ध हातातली काठी तो बराच हलका करते. काठीची मूठ उभं राहून हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. वजन पाच किलो उतरलं तर सांध्याला किती मोकळीक मिळेल याचा अंदाजही त्याच अडीच-तीनपटीच्या आकड्यावरून येतो.

जिन्याचा नियम: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि एक हात कठड्यावर. सिडकोतल्या अरुंद जिन्यांच्या घरांत हा नियम सगळ्यांनीच शिकून ठेवावा.

शेक, बर्फ, तेल, गोळी

आखडलेल्या, जुन्या दुखण्याला शेक. पंधरा ते वीस मिनिटं, पिशवीवर टॉवेल गुंडाळून. मिठाची पुरचुंडी किंवा निर्गुडीचा पाला उकळून केलेला शेक आपल्या गावांत चालतो. ऊब तीच, करायला हरकत नाही. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेली असेल तर शेक दुसऱ्या माणसानं हाताच्या मागच्या बाजूनं तपासून द्यावा. भाजल्याचं कळत नाही आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

नुकतीच लचक भरली असेल, सूज असेल, तर पहिले दोन दिवस बर्फ. कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं.

तेल हलक्या हातानं लावा, छान वाटतं, झोप लागते. पण बाहेरच्या टणक हाडावर अंगठा रोवून रगडू नका. आधीच दाबानं दुखावलेल्या कंडऱ्यावर तो आणखी दाब आहे. मलमही गुडघ्याला जितकं उपयोगी पडतं तितकं खुब्याला पडत नाही, सांधा मांसाच्या खूप आत असतो.

गोळी घ्यावीच लागली तर मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५००, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. डॉक्टरांना न विचारता दिवसाला ३ ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. यकृताचा आजार, रोजची दारू किंवा फार कमी वजन असेल तर आधी विचारा. दुकानातून आणलेल्या कॉम्बिनेशनच्या गोळीत, सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा पाकिटावरची नावं वाचा. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं रक्तदाब, मूत्रपिंड, हृदय किंवा अल्सरचा त्रास असलेल्यांनी स्वतःच्या मनानं घेऊ नयेत. दुखलं की मेडिकलमधून "दोन द्या" म्हणणं आपल्याकडे फार सहज झालंय, आणि मला त्याची खरंच काळजी वाटते.

व्यायाम: कमीतून सुरुवात

आधी एक मोजमाप ठरवू. दुखणं शून्य ते दहामध्ये मोजा. व्यायाम करताना ते चारपर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीइतकंच असलं, तर तुम्ही बरोबर चाललात. रात्री दुखणं वाढलं, सकाळी लंगडायला झालं, तर व्यायाम चुकीचा नाही, प्रमाण जास्त झालं. निम्मं करा. बंद करू नका.

ओढणीचा व्यायाम. सर्वांत सौम्य, दुखणं जोरात असतानाही चालतो. उताणं पडा, गुडघे दुमडा, पाय खुब्यांइतक्या अंतरावर. गुडघ्यांच्या जरा वर मांड्यांभोवती ओढणी किंवा पंचा गाठ मारून बांधा, ताण न देता. आता दोन्ही गुडघे बाहेर ढकला, पण ओढणी सरकू न देता. जोर पूर्ण नाही, तीस टक्के. खुब्याच्या बाजूला स्नायू घट्ट होतो तो हातानं चाचपून पाहा. पंधरा सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, सोडा. पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. आठवडाभर एवढंच केलं तरी चालेल.

सेतू. त्याच स्थितीत, ओढणी सोडून. टाचा जमिनीत दाबत कंबर उचला, खांदा-खुबा-गुडघा एका रेषेत येईपर्यंत. त्यापलीकडे उचललं की कंबरेला बाक येतो आणि काम कंबर करायला लागते. पाच सेकंद थांबा, सावकाश खाली या. आठ वेळा, दोन फेऱ्या. मांडीमागे पेटका आला तर टाचा नितंबांच्या थोड्या जवळ घ्या. काम नितंबात जाणवलं पाहिजे.

खुर्चीतून उठणं. घरातली सर्वांत उंच, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीशी दुमडून पुढे झुका आणि उठा. बसताना तीन आकडे मोजत बसा; धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया. गुडघे एकमेकांकडे झुकतात का, समोरच्या आरशात पाहा. झुकत असतील तर खुर्चीवर आणखी एक उशी घालून उंची वाढवा. आठ वेळा, दोन फेऱ्या. जमायला लागलं की दर आठवड्याला उंची थोडी कमी करा. जांघेत दुखणाऱ्या वयस्कर माणसांना एकच व्यायाम जमणार असेल तर मी हाच सांगते. संडासात, बसमध्ये, देवळात, सगळीकडे हाच उपयोगी पडतो.

ओट्याजवळचा व्यायाम. स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन्ही हात टेकवून उभं राहा. एक पाय जेमतेम वीतभर बाजूला उचला. उचललेल्या पायापेक्षा उभा असलेला पाय जास्त काम करतो, म्हणून दुखऱ्या पायावर उभं राहताना कंबर त्या बाजूला घसरू देऊ नका. कंबरेला ओढणी आडवी बांधली तर ती तिरकी होते का ते घरातल्या कुणालाही दिसतं. दोन्ही पायांनी आठ-आठ वेळा. हा व्यायाम तिसऱ्या आठवड्यापासून.

जांघ आखडलेली असेल तर यांच्या जोडीला रोज पाच मिनिटं पालथं पडून राहा, आणि उताणं पडून टाच चटईवरून सरकवत गुडघा सोसेल तेवढा जवळ घ्या. नितंबात ताण असेल तर उताणं पडून दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा आणि त्या दुसऱ्या पायाची मांडी छातीकडे ओढा, तीस सेकंद, तीनदा. मुंग्या खाली उतरल्या तर लगेच सोडा. बाहेरच्या बाजूचं दुखणं असलेल्यांनी हा ताण देऊ नये, त्यांचा कंडरा त्यात दाबला जातो. इंटरनेटवर खुबेदुखीला सरसकट हाच ताण सांगतात, आणि निम्म्या लोकांचं दुखणं त्यानं चिघळतं असं माझं निरीक्षण आहे.

आधी सवयी बदलायच्या आणि मग व्यायाम, या क्रमाला आधार आहे. ऑस्ट्रेलियात बाहेरच्या बाजूची खुबेदुखी असलेल्या २०४ जणांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांनी, सवयी बदलून व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे ७७ टक्के लोकांना चांगला आराम होता, स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांत सुमारे ५८ टक्क्यांना, आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत २९ टक्क्यांना.

मळा, खळं, कंपनी

कांदा लागवडीत माणूस तासन्‌तास कंबरेतून वाकलेलं असतं, आणि काढणीनंतर ढिगाशी उकिडवं बसून विळ्यानं पात कापताना खुबा पूर्ण दुमडलेला राहतो. काटणीला वीतभर उंचीचा पाट किंवा कांद्याच्या रिकाम्या गोण्यांची जाड घडी बसायला घेतली तरी जांघेतला ताण कमी होतो. दर अर्ध्या तासानं उभं राहून, दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे वाका. मुकादमाला हे पटवावं लागतं. पण दुपारनंतर रेंगाळणारं काम पाहता त्याचाही तोटा नाही.

द्राक्षाच्या मंडपाखाली उलटं होतं. छाटणीला, विरळणीला हात डोक्याच्या वर आणि मान मागे. तिथे खांदा आणि मान जाते. उंच ओळीत छोट्या स्टुलावर उभं राहा म्हणजे हात खांद्याच्या फार वर जाणार नाहीत, आणि कामाचे हात आलटून-पालटून वापरा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आठ तास मशीनसमोर उभं राहणाऱ्यांनी पायाशी विटेएवढ्या उंचीचा ठोकळा ठेवावा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पाय बदलून त्यावर ठेवावा. मशीनभोवती ठोकळा अडखळण्याइतपत पुढे येत नाही ना, हे आधी पाहा. बूट झिजलेले असतील तर बदला.

बाकीची रोजची दुखणी

गुडघा: वरचा खुर्चीचा व्यायाम आणि सेतू, दोन्ही त्यालाही लागू आहेत. टाच, विशेषतः सकाळचं पहिलं पाऊल दुखत असेल तर पलंगावरून उतरण्याआधी पायाची बोटं हातानं वर ओढून दहा सेकंद, दहा वेळा. घरातही मऊ चप्पल घाला, फरशीवर अनवाणी नको. मान: फोन डोळ्यांसमोर आणा, उशी एकच. कंबरेत उसण भरली तर एक-दोन दिवस हालचाल कमी करा, पण अंथरूण धरू नका. निफाडच्या थंडीत पहाटे मळ्यात जाणाऱ्यांनी निघण्याआधी घरातच पाच मिनिटं पाय हलवून, खुर्चीतून उठबस करून अंग गरम करून घ्यावं.

गड चढायचा असेल तर

सप्तशृंगी गड, पांडवलेणी, ब्रह्मगिरी: "जाता येईल का?" हे मला नेहमी विचारतात. घरातला एक मजला आधाराशिवाय, न लंगडता सलग चार-पाच वेळा चढता-उतरता आला आणि दुसऱ्या सकाळी दुखलं नाही, की पांडवलेणीपासून सुरुवात करा. उतरताना वेळ घ्या, त्रास बहुतेकांना उतरतानाच होतो. सप्तशृंगीला ट्रॉली आहे. चढताना तिचा उपयोग करून उतरताना पायऱ्या घेण्यापेक्षा उलट करणं खुब्याला बरं. ब्रह्मगिरी शेवटी.

डॉक्टरांकडे कधी, आणि काय घेऊन

सवयी बदलून सहा आठवडे नियमित व्यायाम केला आणि रात्रीची झोप, चालण्याचं अंतर, जिना यांपैकी कशातही फरक नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. फरक आहे पण सावकाश आहे, तर चालू ठेवा. कंडऱ्याला बारा आठवडे लागणं नेहमीचं आहे. एक्स-रेच्या अहवालात "झीज" लिहिलेलं वाचून हातपाय गाळू नका, काहीच दुखत नाही अशा अनेकांच्या एक्स-रेतही ती दिसते. झीज खूप पुढे गेली असेल, रोज रात्री झोप मोडत असेल आणि पायात चप्पल घालणंही दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेविषयी मोकळेपणानं विचारा. तपासणीला जाताना एका कागदावर तीन ओळी लिहून न्या: बोट कुठे जातं, कशानं वाढतं, आणि आजवर कुठल्या गोळ्या, पुड्या, इंजेक्शनं घेतली. जुनी पाकिटं, पुडीचा कागद, हाती असेल ते सगळं सोबत ठेवा.